कोण बोलतंय, कशासाठी बोलतंय

२०१८ च्या उन्हाळ्यात एक चित्रफीत देशभरातल्या मोबाइलांवर फिरत होती. गल्लीत मुलं खेळतायत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. सोबत मजकूर असायचा की आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा, हा मेसेज सगळ्या ग्रुपवर पाठवा. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेसाठी केलेली जनजागृतीची जाहिरात होती. मूळ फितीत तेच दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि मूल पळवायला एक क्षणही पुरतो अशा अर्थाचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा बातमी म्हणून पुढे गेला.

त्याच वर्षी १ जुलैला, रविवारी, बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने मारून टाकलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसं. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, आणि मारतानाचं चित्रण पुन्हा मोबाइलवरून फिरलं. त्या भागात मुलं पळवण्याच्या अफवा आधीपासून पसरलेल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, इथवर ती आवळली.

समाजमाध्यमांचा वापर आणि त्यांवरच्या जाहिराती यांच्या नियमांची ओळख करून देणाऱ्या पुस्तिकेची प्रस्तावना मी इथून सुरू करते आहे, याला कारण आहे. हे कोणी केलं आणि कशासाठी केलं, एवढं सांगणारा भाग काढून टाकला की मागे काय उरतं, हे त्या चित्रफितीइतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आज आपल्याकडे जे कायदे, मार्गदर्शक सूचना आणि शासन निर्णय आहेत, त्यांतला बराच मोठा भाग तो कापलेला तुकडा जागेवर परत लावण्यासाठी आहे. पुढची प्रकरणं वाचताना हे सूत्र हाताशी ठेवलं, तर कलमांची गर्दी अंगावर येणार नाही.

वर्तमानपत्रात जाहिरातीला चौकट असते. दूरदर्शनवर मालिका थांबते आणि जाहिरात लागते. फोनवर तसं काही होत नाही. मावशीने पाठवलेला नातवाचा फोटो, शाळेतल्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न, गावातल्या रस्त्याची तक्रार आणि गुडघेदुखीचं तेल हे सगळं एकाच आकारात, एकाच वेगाने अंगठ्याखालून सरकतं. तेलाबद्दल बोलणारी बाई आपल्यासारखीच दिसते. तिच्या ओट्यावरची मिसळणाची पाळी आपल्या घरातल्यासारखीच असते. तिला आपण वर्षभर रोज बघत असतो, म्हणून ती ओळखीची वाटते. कंपनी पैसे मोजते ते या ओळखीसाठी. यात गैर काही नाही. ज्या बाईने मेहनतीने हजारो माणसं जोडली, तिने त्यातून चार पैसे मिळवावेत. पण ती मैत्रीण म्हणून बोलते आहे की विक्रेती म्हणून, हे ऐकणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. तेवढं तिने सांगितलं, तर पुढचा निर्णय ऐकणाऱ्याचा.

हे तेलाचं उदाहरण जरा जवळून पाहू, कारण मराठी फोनवर असल्या रीलना तोटा नाही. चाळीस सेकंदांची रील. पहिल्या दहा सेकंदांत सासूबाई कठड्याला धरून जिना चढतायत. मग बाटली, मग मालिश, मग सासूबाई तुळशीला प्रदक्षिणा घालतायत. मध्ये कुठेही कंपनीशी काही संबंध असल्याचा उल्लेख नाही. खाली मजकुराची दीड ओळ दिसते. ‘आणखी’वर बोट ठेवलं की बाकीचा मजकूर उघडतो, आणि त्याच्या तळाशी वीस-पंचवीस हॅशटॅगच्या रांगेत, गुडघे, आयुर्वेद, सासूबाई, मराठी रील यांच्या शेजारी एक इंग्रजी शब्द असतो, तोही अर्धवट तोडलेला. आपण नियम पाळला, असं रील करणारीला मनापासून वाटत असतं.

तो पाळलेला नसतो. जाहिरात क्षेत्राने स्वतःवर लक्ष ठेवण्यासाठी १९८५ मध्ये उभी केलेली भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे ॲस्की, हिने इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू केले. कंपनीशी आर्थिक किंवा भौतिक संबंध असेल तर तो सांगायचा, हा त्यांचा गाभा. संबंध म्हणजे फक्त रोख पैसे नव्हेत. फुकट आलेली वस्तू, सवलत, सहल, बक्षीस, त्या कंपनीतली नोकरी, घरच्यांचा धंदा, हे सगळं त्यात आलं. हा खुलासा सुरुवातीलाच, ठळक, काहीही न दाबता दिसेल असा हवा, हॅशटॅगच्या ढिगात पुरलेला चालत नाही. व्हिडिओ पंधरा सेकंदांहून छोटा असेल तर तो किमान तीन सेकंद दिसला पाहिजे. पंधरा सेकंद ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत वस्तूविषयी बोलणं चालू आहे तोवर. म्हणजे आपल्या चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये तेरा-चौदा सेकंद. लाइव्ह असेल तर पूर्ण वेळ. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेने यात एक फार महत्त्वाची गोष्ट घातली: ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत खुलासा. सासूबाईंची गोष्ट मराठीत सांगायची आणि पैशांची गोष्ट इंग्रजीत, हे चालणार नाही. पडद्यावर डाव्या कोपऱ्यात, पहिल्या सेकंदापासून, देवनागरीत ‘जाहिरात’ असं लिहिलं की काम झालं. सत्तरीच्या माणसालाही ते वाचता येतं, आणि गुडघ्याचं तेल घेणारा बहुतेक त्याच वयाचा असतो.

खुलासा केला म्हणजे काहीही बोलायला मोकळीक मिळाली, असं मात्र नाही. १९५४ चा औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा अजून जिवंत आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, संधिवात, पक्षाघात, लठ्ठपणा, उंची वाढवणं अशी एक लांबलचक यादी त्याला जोडलेली आहे, आणि यादीतला आजार औषधाने बरा होतो किंवा टळतो अशी जाहिरात करायलाच त्यात मनाई आहे. त्या वेळी रील कुणाच्या स्वप्नातही नव्हती, पण जाहिरातीची व्याख्या करताना कायद्याने प्रकाश, आवाज किंवा धूर यांच्या कोणत्याही साधनाने केलेली घोषणा असे शब्द घातले. सत्तर वर्षांपूर्वीच्या मसुदाकारांनी इतकं रुंद जाळं विणून ठेवलं, की आजचा फोन त्यात सहज सापडतो. मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

यापेक्षा मोठा आधार म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९. त्याखाली जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उभं राहिलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ते उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्यालाही पहिल्यांदा १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. शिफारस करणाऱ्यावर एक वर्ष, आणि पुन्हा तेच केलं तर तीन वर्षं, कोणत्याही वस्तूची शिफारस करायला बंदी घालू शकतं. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस ही त्या माणसाचं खरं मत असली पाहिजे, आणि तिच्यामागे पुरेशी माहिती किंवा वापराचा अनुभव हवा. ज्याने बोलण्याआधी रीतसर खातरजमा केली, त्याला कायदा दंडातून वगळतो. म्हणून कंपनीचा मेल आला की रील करायच्या आधी परत मेल करावा: या दाव्याचा चाचणी अहवाल पाठवा, परवाना क्रमांक पाठवा. उत्तर आलं तर जपून ठेवावं. नाही आलं तर काम सोडावं. पुस्तिकेतलं हे मला सगळ्यांत उपयोगी पान वाटतं, आणि त्यात मेलचा मराठी नमुनाही दिलेला आहे. घरी आलेल्या भेटवस्तूंचंही एक सांगून ठेवते. धंद्याच्या नात्याने मिळालेल्या आणि स्वतःकडे ठेवलेल्या वस्तूंची किंमत वर्षाला २० हजारांपुढे गेली, तर १ जुलै २०२२ पासून त्यावर दहा टक्के करकपात लागते.

आरोग्य आणि पैसा या दोन विषयांत ॲस्कीने २०२३ मध्ये आणखी एक पायरी घातली. सल्ला देणाऱ्याची पात्रता आणि नोंदणी प्रेक्षकाला दिसली पाहिजे. शेअर घ्या किंवा विका असं सांगायचं तर सेबीची नोंदणी हवी. शिकवण्याच्या नावाखाली टिप्स देण्याची पळवाटही सेबीने जानेवारी २०२५ मध्ये आवळली: नुसतं शिक्षण देणाऱ्याला गेल्या तीन महिन्यांतल्या बाजारभावांचा आधार घेऊन शेअरविषयी बोलता येत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने गुन्हाच ठरवली आहे. बऱ्याच मराठी विनोदी पेजेसच्या मिळकतीचा तो मोठा आधार होता, हे मला ठाऊक आहे. तरीही तो निर्णय योग्य होता असं मला वाटतं.

इथवर मोठ्या फॉलोअर्सवाल्यांची गोष्ट झाली. पण ही पुस्तिका मुख्यतः ज्यांच्यासाठी आहे, ते वेगळेच लोक आहेत. फेसबुक लाइव्हवर साड्या दाखवणारी पैठणची बाई, दिवाळीचा फराळ पाठवणारा बचत गट, क्लासेस चालवणारा मास्तर, होम-स्टेवाला, आणि एप्रिल उजाडला की व्हॉट्सॲपवर आंब्याच्या पेट्या विकणारे शेकडो जण.

आंब्याचंच घ्या. दर हंगामात एक मजकूर थोड्याफार फरकाने सगळ्यांच्या फोनवर येतो. थेट बागेतून, शंभर टक्के देवगड हापूस, नैसर्गिक पिकवलेला, मर्यादित पेट्या, आजच पैसे पाठवा. सोबत करंडीतल्या आंब्यांचा फोटो, तो बहुधा दुसऱ्याच कुणाच्या बागेतला. गवतात घातलेली आढी दाखवली तर ती तिसऱ्याची. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. हे नाव लावून माल विकायचा तर त्या मुलखातला माल आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी, दोन्ही हवं. कर्नाटकातला आंबा वाईट असतो असं कुणी म्हणत नाही, पण तो कर्नाटकातला म्हणून विकला पाहिजे. ही भेसळ रोखण्यासाठी देवगडच्या बागायतदारांनी २०२५ च्या हंगामापासून फळावर सांकेतिक क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली. एका फळामागे एक स्टिकर चिकटवायचं म्हणजे मजुरी आली, वेळ आला. खोट्या जाहिरातीचा भुर्दंड खऱ्या बागायतदाराला असा भरावा लागतो.

मग चांगली जाहिरात कशी लिहायची? बागेचं गाव आणि मालकाचं नाव लिहावं. बाग स्वतःची नसेल, तर बागायतदाराकडून घेऊन विकतो, असं सरळ लिहावं; गिऱ्हाईक त्यामुळे पळत नाही. पेटीत किती फळं आणि अंदाजे किती वजनाची, हे लिहावं. किंमत मेसेजमध्येच द्यावी. ‘किमतीसाठी इनबॉक्समध्ये या’ या सवयीने विश्वास जातो, आणि दोन गिऱ्हाइकांना दोन भाव सांगण्याचा मोहही होतो. फळ इथिलीन वापरून पिकवलं असेल तर लपवू नये, त्याला परवानगी आहे. बंदी कार्बाइडला आहे. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘ताजं’ या शब्दांना अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी अटी घातलेल्या आहेत, तेव्हा ते उधळू नयेत. पेटीत साका निघाला तर फळ बदलून देणार, पैसे परत देणार की काहीच करणार नाही, तेही आधी लिहावं. फोटो स्वतः काढावा, अंधुक आला तरी. गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय टाकायचा असेल तर त्याला विचारावं आणि नंबर झाकावा. आपल्याच भाच्याकडून ‘अप्रतिम चव’ असं लिहून घेणं ही खोटी साक्ष आहे, आणि अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे छापावेत याचं भारतीय मानक ब्यूरोचं २०२२ चं मानकही उपलब्ध आहे.

घरांच्या जाहिरातीत महारेराने हे काम सोपं करून ठेवलं आहे. नोंदणी क्रमांक आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीलाही. तो स्कॅन केला की प्रकल्पाची सगळी कागदपत्रं उघडतात. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर एखाद्या एजंटाने नुसतं समुद्रदर्शनाचं चित्र टाकलं असेल, तर पहिला प्रश्न क्रमांकाचा विचारावा.

आता वापराच्या नियमांकडे वळते. इथे माझी चिंता उलटी आहे. जाहिरात करणारे कायद्याला पुरेसे घाबरत नाहीत, आणि साधी माणसं नको तितकी घाबरतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने मुंबई बंदविषयी लिहिलं होतं, दुसरीने ते लाइक केलं होतं. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. हे कलम गेलं, हे अजून कित्येकांना माहीत नाही. तसंच ग्रुप ॲडमिनचं. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ च्या निकालात सांगितलं. नगरसेवकाला प्रश्न विचारणं, हॉटेलातल्या खराब जेवणाचा खरा अनुभव लिहिणं, सरकारी योजनेवर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे. खरं, स्वतःच्या नावाने आणि पुरावा हाताशी ठेवून लिहावं.

सरकारी नोकरीत असलेल्यांची गोष्ट वेगळी. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी काढलेल्या शासन निर्णयानुसार शासकीय कर्मचाऱ्यांनी, कंत्राटी आणि प्रतिनियुक्तीवरचेही त्यात आले, खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची आहेत. खासगी खात्यावरून शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही. गणवेश, शासकीय वाहन, बोधचिन्ह वैयक्तिक रीलमध्ये वापरायचं नाही. गोपनीय कागद टाकायचे नाहीत, आणि बदली झाली की कार्यालयीन खातं पुढच्या माणसाच्या हवाली करायचं. गणवेश आणि गाडीचा नियम मला पटतो: लोक तिथे माणसाला बघत नाहीत, शासनाला बघतात. टीकेवरचा निर्बंध मात्र फार रुंद आहे असं मला वाटतं. आरोग्य केंद्रातली परिचारिका औषधांच्या तुटवड्याविषयी बोलली, तर ते धोरणावरची टीका की लोकहिताची माहिती? पुस्तिकेत नियम जसा आहे तसा दिला आहे. हे मत माझं.

मुलांविषयी थोडं सविस्तर लिहायलाच हवं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की वह्यावाटपाचे फोटो येऊ लागतात. दात्याचा हात वहीच्या एका टोकाला, मुलाचा दुसऱ्या टोकाला, मागे बॅनर, आणि मुलाला कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलेलं. फोटो दात्याच्या पानावर जातो, पक्षाच्या पानावर जातो, निवडणूक जवळ असेल तर पैसे देऊन पसरवला जातो. त्या मुलाला कुणी विचारलेलं नसतं. आपण गरीब होतो याचा दाखला तो कॉलेजात जाईपर्यंत नावानिशी शोधता येतो. वाटप करावं, जरूर करावं. फोटो वह्यांच्या गठ्ठ्याचा काढावा. मुलं हवीच असतील तर पाठमोरी घ्यावीत. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे, आणि मुलांना नेमकं हेरून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होतील. पण मुख्याध्यापकाने त्यासाठी थांबायचं कारण नाही. प्रवेशाच्या अर्जात एक स्वच्छ प्रश्न घालता येतो: पाल्याचा फोटो शाळेच्या पानावर टाकू का? आणि पालकाने नाही म्हटलं, तर त्या मुलाला स्नेहसंमेलनाच्या नाचातून बाजूला काढायचं नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाचं नाव, चेहरा, शाळा, शेजार यांतलं काहीही उघड करणं हा पॉक्सो कायद्याच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. मेणबत्ती मोर्चाच्या पोस्टमधूनही ते होतं, चांगल्या हेतूने होतं, आणि ते वाचताना जीव तुटतो.

शेवटच्या प्रकरणात तक्रारीच्या वाटा दिल्या आहेत. मजकूर ज्या माध्यमावर असेल, त्याच्या तक्रार अधिकाऱ्याने २०२१ च्या नियमांनुसार, त्यांत फेब्रुवारी २०२६ मध्ये झालेल्या बदलानंतर, चोवीस तासांत पोच आणि सर्वसाधारणपणे सात दिवसांत निकाल द्यायचा असतो. नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचं चित्र असेल, तर ते दोन तासांत हटवायचं असतं. फसव्या जाहिरातीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि ॲस्की आहे. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त. कुठल्याही वाटेने गेलात तरी पुरावा विचारतात, आणि स्टोरी चोवीस तासांत नाहीशी होते. म्हणून आधी पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, खात्याचं नाव आणि तारीख दिसेल असा, पोस्टची लिंक उतरवून ठेवावी, आणि मगच त्या खात्याला जाब विचारावा. आधी जाब विचारला, तर बहुतेक वेळा पाच मिनिटांत पोस्ट गायब होते आणि आपल्या हाती काही राहत नाही.